वाईट तेवढ्याच वाचा

नवरा: ...आणि ही आजची शेवटची. 'या बाईंचा आवाज म्हणजे दाराची बिजागरी. कोणीतरी तेल घाला.' खाली हसून लोळणारी तोंडं. पुष्कळ आहेत.

रफूवाली: झाल्या?

(रफूच्या दुकानामागची खोली. टेबलावर उलटा अंथरलेला कोट, त्याच्यावर खाली ओढलेला दिवा. रफूवाली, म्हणजे बायको, कोटावर वाकलेली. नवरा खुर्चीत, हातात फोन.)

नवरा: पाच झाल्या. रोजचा डोस एवढाच.

रफूवाली: आज अजून वाचा.

नवरा: अगं, पाचच्या वर नाही हे तूच ठरवलेलंस. रफूच्या व्हिडिओंचा चॅनेल सुरू केल्यावर पहिल्याच महिन्यात एक कॉमेंट स्वतः वाचलीस आणि हात असा थरथरला की गिऱ्हाइकाचा कोट खिशापासून खालपर्यंत कापत नेलास. माफी मागायला मी गेलो होतो त्याच्या घरी.

रफूवाली: विसरले नाही. म्हणून तर फोन तुमच्या ताब्यात दिला. पण आज त्या सुई-दोऱ्याच्या कंपनीच्या बाईंचा फोन येणार. हो की नाही ते सांगायचंय. आत्तापर्यंत नुसते हात दाखवले, आता तोंड दाखवायचं. दर आठवड्याला, त्यांच्या कार्यक्रमात, प्रेक्षकांसमोर बसून. तेव्हा काय काय ऐकावं लागेल ते सगळं आधीच ऐकून घेते.

नवरा: म्हणजे तू हो म्हणायच्या विचारात आहेस.

रफूवाली: विचारात कसली? घाबरलेय. काल त्या दुकानात आल्या, इतकं कौतुक केलं, आणि मला सारखं वाटत होतं, या बाई कोणाबद्दल बोलतायत?

नवरा: कौतुक करणं त्यांची नोकरीच आहे. मी प्रॅक्टिकल बोलतो, राग मानू नकोस. तुझे नुसते हात दिसतात तर लोक एवढं बोलतात. तोंड दिसलं तर सोलून काढतील. आणि तुला ते झेपणार नाही. मी तुला ओळखतो ना.

रफूवाली: म्हणून म्हणते, वाचा.

नवरा: ऐक मग. 'स्वतःला काही जमलं नाही की लोक दुसऱ्यांना शिकवायला बसतात.'

रफूवाली: पुढची.

नवरा: 'दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहिला, दोन तास झोप लागली. आभारी आहे.' ही चांगली आहे. म्हणजे वाईटच आहे, पण लिहिलीय झकास.

रफूवाली: तुम्ही अगदी चव घेऊन वाचता हो.

नवरा: जसं लिहिलंय तसं वाचतो. मी कशाला माझं घालू?

रफूवाली: दोन मिनिटांचा? माझा एकही व्हिडिओ अर्ध्या तासाच्या आत संपत नाही.

नवरा: छोटे तुकडे टाकतो ना मी मधूनमधून. त्यातल्या कशावर तरी असेल.

रफूवाली: बरं. पुढची.

नवरा: 'आधी स्वतः... आधी स्वतः काहीतरी करून दाखवा, मग उपदेश करा.'

रफूवाली: उपदेश मी कधी केला? सुई कुठून घालायची तेवढं सांगते.

नवरा: लोकांना काय, तोंडाला येईल ते बोलतात.

रफूवाली: एक विचारू? तीन वर्षं ऐकतेय मी. आवाज वाईट, बोलणं कंटाळवाणं, शहाणपणा फार. रफूबद्दल कसं कोणीच काही म्हणत नाही?

नवरा: म्हणजे?

रफूवाली: म्हणजे धाग्याचा रंग जुळला नाही, वीण घट्ट झाली, कापड ओढलं गेलं. माझ्या कामात मला स्वतःला रोज चुका दिसतात. एवढी खवचट माणसं डोळे फाडून बघतायत, त्यांना एक दिसू नये?

नवरा: असतात की. नाहीत असं नाही. ही बघ... 'टाके फार मोठे पडलेत.'

रफूवाली: कुठल्या व्हिडिओवर?

नवरा: त्या राखाडी कोटाच्या.

रफूवाली: राखाडी कोटाचे टाके दिसले त्याला?

नवरा: दिसले असतील. तो लिहितोय म्हणजे दिसलेच असणार.

रफूवाली: त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागा ओढून काढला होता मी. खुद्द मालकाला भोक कुठे होतं ते सापडेना. बोटं फिरवत बसला होता बिचारा, इथे, याच स्टुलावर. आणि तुमच्या या माणसाला टाके मोठे दिसले.

नवरा: कॅमेऱ्यात सगळं मोठंच दिसतं. किती खोलात शिरशील? पुरे आता.

रफूवाली: अजून वाचा.

नवरा: हात थरथरेल. हाही कोट कापशील.

रफूवाली: सुई बाजूला ठेवली. वाचा.

नवरा: वाचतो, वाचतो. 'बाई, हसू नका हो. हसलात की वीतभर हिरड्या दिसतात, घरातली मुलं घाबरतात.' झालं? आता तुझं तोंड उतरलं. म्हणून सांगत होतो.

रफूवाली: कोणाच्या?

नवरा: मुलं. त्याच्या घरातली असतील.

रफूवाली: हिरड्या कोणाच्या?

नवरा: तुझ्या. तुलाच लिहिलंय ना.

रफूवाली: तीन वर्षांत माझं तोंड एकदा तरी दिसलंय? कॅमेरा तुम्हीच धरता. मनगटाच्या वर गेलात का कधी?

नवरा: कुठेतरी काचेत वगैरे दिसली असशील. लोक फार बारकाईनं बघतात.

रफूवाली: हसताना माझ्या हिरड्या दिसतच नाहीत. तुमच्या दिसतात.

नवरा: माझा इथे काय संबंध?

रफूवाली: म्हणून तर ही मिशी वाढवलीत. 'उमेदीची दोन मिनिटं' हा स्वतःचा चॅनेल बंद केलात, त्याच महिन्यात. दोन मिनिटं. फोन द्या इकडे.

नवरा: अगं, तू स्वतः बघायचं नाही असं आपलं...

रफूवाली: फोन दे.

नवरा: दे?

रफूवाली: दे म्हटलं ना. हा तर तुझा चॅनेल! सूट घालून, हात वर करून उभा आहेस. 'उठा, दिवस तुमची वाट बघतोय.' बंद केलास म्हणाला होतास. पुसून टाकला नाहीस?

नवरा: पुसवेना.

रफूवाली: आणि खाली सगळ्या या. बिजागरी. झोप. हिरड्या. आणि ही बघ, 'आधी स्वतः नोकरीत टिकून दाखव.' मघाशी इथेच अडखळलास होय?

नवरा: तू मला अरे-तुरे करतेयस.

रफूवाली: शिव्या देत नाहीये, तेवढ्यावर समाधान मान. तीन वर्षं तू तुला पडलेल्या शिव्या मला वाचून दाखवतोयस?

नवरा: सगळ्याच काही माझ्या नव्हत्या. तुझ्याही होत्या त्यात.

रफूवाली: किती?

नवरा: एखाद-दुसरी.

रफूवाली: ती बिजागरी किती वेळा वाजवलीस माझ्या कानात! कधी दार, कधी झोपाळा, कधी हातपंप. मी त्या बिजागरीपायी सकाळ-संध्याकाळ गरम पाण्याच्या गुळण्या करतेय. पाणी तापवून तूच आणून द्यायचास.

नवरा: घशाला चांगलंच असतं ते.

रफूवाली: भाचीच्या लग्नात सगळे मागे लागले, मावशी, दोन शब्द बोल. मी उठले नाही. घसा बसलाय अशी खूण केली. तू शेजारीच होतास. तूही मान हलवलीस, हो हो, बसलाय म्हणून. त्या पोरीला वाटलं मी रुसले. अजून धड बोलत नाही ती माझ्याशी.

नवरा: माझं ऐकून तरी घे. ऑफिसात काय चालायचं तुला ठाऊक आहे? जेवणाच्या सुट्टीत माझा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर लावायचे. साहेबसुद्धा बसायचे बघायला. मी आत शिरलो की सगळे हात वर करून ओरडायचे, 'उठा!' आणि मी हसायचो. काय करणार? हिरड्या दाखवत हसायचो. नोकरी त्यापायी सोडली मी. माणसं कमी केली असं तुला सांगितलं, ते खोटं होतं.

रफूवाली: मला का नाही बोललास?

नवरा: कसा बोलणार? तू तेव्हा नुकतंच सुरू केलं होतंस, आणि पहिल्याच व्हिडिओला लोकांनी डोक्यावर घेतलं. मीच धरलेला कॅमेरा, मीच टाकलेला व्हिडिओ. मी दोन वर्षं घसा फोडून 'उठा उठा' म्हणत होतो, कोणी कूससुद्धा बदलली नाही. तू एका मोज्याचं भोक बुजवलंस तर लोक रडायला लागले. मोज्याचं!

रफूवाली: म्हणून?

नवरा: म्हणून पहिल्यांदा एक वाचली. सहज. तुलाही लागतं का ते बघायला.

रफूवाली: लागलं.

नवरा: हो. आणि मला बरं वाटलं. आता खोटं कशाला बोलू? इतकं बरं वाटलं की त्या दिवशी मी पोटभर जेवलो. मग ते रोजचंच झालं. एकेक तुला दिली की तेवढी माझ्या अंगावरून उतरायची.

रफूवाली: एकदा जरी म्हणाला असतास ना, मला लोक असं असं बोलतात, मला सहन होत नाही, तर मी तुला पोटाशी धरलं असतं. एकेकाच्या घरी जाऊन सुया टोचून आले असते. मला माया आली असती रे तुझी. आता किळस येतेय.

नवरा: फोन वाजतोय. त्याच असतील. आत्ता घेऊ नकोस, तुझं डोकं ठिकाणावर नाही.

रफूवाली: तीन वर्षांत पहिल्यांदा आहे. हॅलो? हां, बोला मॅडम. स्पीकरवर टाकते हं, हातात काम आहे.

कंपनीच्या बाई: नमस्कार, नमस्कार! मग, काय ठरवलंत? खरं सांगते, मी जीव मुठीत धरूनच फोन लावलाय.

रफूवाली: येते. तोंडासकट येते.

कंपनीच्या बाई: अरे वा! काय सांगता! मी तर तुमची समजूत कशी काढायची याची पूर्ण तयारी करून बसले होते. आधी दोनदा मेल पाठवली तर तुमच्या मॅनेजरांचं तसलं उत्तर आलेलं.

रफूवाली: कसलं उत्तर?

कंपनीच्या बाई: तुम्हाला माहीत नाही? काल गिऱ्हाइकं होती म्हणून मी विषय काढला नाही. 'बाईंना चेहरा दाखवणं शक्य नाही. कृपया कारण विचारून त्यांना दुखवू नये.' आमच्याकडे सगळ्यांना वाटलं, बिचारीचा चेहरा भाजलाबिजलाय. म्हणून काल मी मुद्दाम स्वतः बघायला आले. सॉरी हं, अगदी खरं ते सांगतेय.

रफूवाली: सॉरी कशाला? बघितलंत ना, भाजलेलं नाही.

कंपनीच्या बाई: छे हो! किती छान हसता तुम्ही.

रफूवाली: एक सांगा मॅडम. लोक माझ्याबद्दल इतकं वाईट लिहितात, त्याची भीती नाही वाटत तुम्हाला?

कंपनीच्या बाई: वाईट? कोण लिहितं? कोणालाही घ्यायच्या आधी आमच्या मुली सगळ्या कॉमेंट्स वाचून काढतात. तुमच्याकडे वाईट म्हणाल तर नावाला. उलट आवाजावर लोक जीव टाकतात तुमच्या. एकीनं लिहिलंय, आजारी आईला तुमचा व्हिडिओ लावून देते, आवाज ऐकत ती शांत पडून राहते.

रफूवाली: आवाज. ऐकतोयस ना?

कंपनीच्या बाई: कोण आहे तिथे?

रफूवाली: तेच मॅनेजर.

कंपनीच्या बाई: अच्छा! नमस्कार सर. कॉमेंट्स तुम्हीच सांभाळता का?

नवरा: हो. मीच.

कंपनीच्या बाई: मग थोडी उत्तरं देत चला ना, सर. लोक इतक्या प्रेमानं लिहितात आणि इकडून एक शब्द नाही. आमच्या साहेबांना तेवढीच शंका होती, बाई शिष्ट आहेत का म्हणून.

नवरा: वेळ होत नाही हो.

रफूवाली: आता होईल. त्यांना दुसरं काही काम नाही, मॅडम. कधी नव्हतंच.

कंपनीच्या बाई: बरं बरं. मी कागद पाठवते. फार आनंद झाला. ठेवते हं.

नवरा: झालं समाधान? परक्या बाईसमोर माझी लाज काढलीस.

रफूवाली: तू जगासमोर माझा चेहरा जाळून ठेवला होतास. बस खाली. हा घे फोन.

नवरा: काय करू?

रफूवाली: वाच. माझ्या. खऱ्या. मोठ्यानं वाच आणि मघासारखी चव घेऊन वाच.

नवरा: तूच वाच ना. तुझ्यासाठीच लिहिल्यात.

रफूवाली: माझे हात कामात आहेत. वाच.

नवरा: 'ताई, नवरा गेल्यावर त्याचं जाकीट टाकवेना. तुमचा व्हिडिओ बघत बघत त्याच्या कोपराचं भोक बुजवलं. आता मीच घालते ते.'

रफूवाली: शब्द गिळू नकोस. पुन्हा वाच.

नवरा: 'ताई, नवरा गेल्यावर त्याचं जाकीट टाकवेना...' पुरे ना गं.

रफूवाली: पुढची.

नवरा: ही शालीच्या व्हिडिओवरची. 'आईच्या शालीला उंदरानं कुरतडलंय. कुठून सुरुवात करू?' मग त्याचीच पुन्हा, 'ताई, उत्तर द्याल का? आई रोज विचारते.' मग... 'राहू दे ताई. मीच केलं, वेडंवाकडं. आई गेली.'

रफूवाली: हे तू वाचलं होतंस?

नवरा: हो.

रफूवाली: आणि मला काय वाचून दाखवलंस त्या दिवशी?

नवरा: एवढं कसं लक्षात राहील?

रफूवाली: माझ्या आहे. शालीचा व्हिडिओ टाकला त्या दिवशी तू वाचलंस, 'बाईंनी तोंड बंद ठेवलं तर उपकार होतील.' आणि मी ठेवलं बंद. पुढचे चार व्हिडिओ नुसते हात, आवाज नाही. तो पोरगा तिकडे आवाजाची वाट बघत बसला. पुढची वाच.

नवरा: 'काम सुरेख. पण उजव्या हाताची सावली कामावरच पडते. दिवा डावीकडून घ्या.'

रफूवाली: थांब. ही कधीची?

नवरा: जुनी आहे. पहिल्या वर्षातली असेल.

रफूवाली: ऊठ. दिवा सरकव. डावीकडे. अजून थोडा. बघ, धागा न् धागा दिसतोय. एका माणसानं चूक सांगितली होती, खरी चूक, माझ्या कामातली. ऐकली असती तर त्याच दिवशी सुधारली असती. आणि मी काय सुधारत बसले? तुझा आवाज, माझ्या गळ्यात.

नवरा: चुकलो मी. म्हणतोय ना चुकलो. आता बास कर. सगळ्या अशाच आहेत, किती वाचू? घसा सुकला माझा.

रफूवाली: पाणी तापवून आणू?

नवरा: तू इतकी दुष्ट कधी झालीस?

रफूवाली: रोज पाच-पाच ऐकून. वाच.

नवरा: 'ताई, तुमचे हात बघितले की...' ही झाली. ही... ही नको.

रफूवाली: का? वाईट आहे?

नवरा: हो.

रफूवाली: मग तीच वाच. वाईट तेवढ्याच वाचायच्या, हा नियमच आहे आपल्या घरात.

नवरा: 'काम देखणं आहे, पण कॅमेरा धरणाऱ्याचा हात फार हलतो. ऐन मोक्याच्या क्षणी सगळं धूसर होतं. त्याला बदला.'

रफूवाली: एकानंच लिहिलंय?

नवरा: लिहिलंय एकानं. दुजोरा बऱ्याच जणांनी दिलाय.

रफूवाली: लागलं?

नवरा: लागलं.

रफूवाली: उत्तर लिही त्याला.

नवरा: काय लिहू?

रफूवाली: 'सूचना योग्य आहे. बदलला.'

नवरा: अगं, असं काय करतेस? तुझा कॅमेरा सोडला तर माझ्याकडे आहे काय? सकाळी उठून मी करू काय?

रफूवाली: लिहिलंस?

नवरा: लिहिलं.

रफूवाली: वाचून दाखव.

नवरा: 'सूचना योग्य आहे. बदलला.'

रफूवाली: पाठव.